तिसरा ट्रे

४ जून

पिल्ला,

आशीर्वाद वरच लिहून टाकते, कारण शेवटी जागा उरत नाही हे मला आता कळलंय. मागच्या पत्रात तो कडेला उभा लिहावा लागला होता. मान वाकडी करून वाचलास ना?

तू म्हणतेस फोन का करत नाहीस. अगं, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. मागे तुझा बाप म्हणाला सर्दी झालीय, मी तिसऱ्या मजल्यावर सांगून आले की गाडी ठोकली. पत्राचं तसं नाही. पत्र पुन्हा वाचता येतं. आणि चौथी इयत्ता शिकलेली बाई सहा सहा पानं लिहिते म्हणून पोस्टमन मला मान देतो, तो वेगळाच.

तुझं पत्र आलं की मी ते आधी पाकिटासकट दिव्यासमोर धरते. सवय. एकतीस वर्षं अंड्यांच्या डेपोत तेच केलं. काळोखी खोली, पेटीत बल्ब, पेटीला भोक. भोकाला अंडं लावायचं आणि जरा फिरवायचं. चांगलं अंडं आतून नितळ, वाईटात काळा ठिपका. दोन सेकंदांचं काम. डावीकडे चांगल्यांचा ट्रे, उजवीकडे वाईटांचा, आणि समोर तिसरा, ज्याचं नक्की सांगता येत नाही त्यांचा. तो पाळी संपताना पुन्हा बघायचा. बाकीच्या बायकांचे तिसरे ट्रे भरून वाहायचे. माझा एकतीस वर्षं रिकामा. मुकादम नव्या पोरींना माझा रिकामा ट्रे दाखवायला आणायचा. मला सगळे भिंग म्हणायचे, तुला माहीतच आहे, पण लिहायला बरं वाटतं.

आता मुद्दा. तुझी आत्या लग्न करायचं म्हणतेय.

शेहेचाळिसाव्या वर्षी. माझी हरकत वयाला नाही, माणसाला आहे. हा लिफ्टवाला आहे. म्हणजे लिफ्टची दुरुस्ती करतो. आत्या विजेचे मीटर वाचत इमारती इमारतीतून फिरते, आणि मीटर आणि लिफ्टची मोटर एकाच खोलीत असतात म्हणे. तिथे ओळख झाली. ज्याचा धंदाच माणसांना दोरीला टांगायचा, त्याच्या हातात मी मुलगी देऊ? आपल्या इमारतीत लिफ्ट बसवून अकरा वर्षं झाली, मी एकदाही पाय ठेवलेला नाही. चार मजले चढते. दुसऱ्यावर एकदा बसते, तिसऱ्यावर दोनदा.

तो रविवारी चहाला येतो. चार रविवार झाले. मी पहिल्याच दिवशी खिडकीतल्या उजेडात त्याला बघून घेतला. काळा ठिपका आहे. आत्याला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू नको म्हणालीस तर नको. पण मग हा विषय पुन्हा काढायचा नाही. तूही नाही, मीही नाही." आणि त्या दिवसापासून ती जेवताना बोलत नाही. तुला ठाऊक आहे, आत्या जेवताना बोलली नाही तर या घरात फक्त नळ बोलतो.

तू तिला समजावून लिही. तू तत्त्वज्ञान शिकतेस, काहीतरी भारी लिही.

तुझी आजी


१३ जून

आजी,

वाकून नमस्कार. वसतिगृहाच्या उशीने मान धरलीय, म्हणून जरा कमी वाकले.

आत्याला मी काही लिहीत नाही. तिला काय सांगू? मला तो माणूस माहीतच नाही. पण आमच्या सरांनी वर्गाला दिलेलं एक काम तुला सांगते, ते तुला आवडेल. एक वही घ्यायची. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे लिहायचं "माहीत आहे", उजवीकडे "वाटतं". मग एक माणूस घ्यायचा आणि त्याच्याबद्दल मनात जे जे आहे ते कुठल्या तरी एका बाजूला टाकायचं. डावीकडे टाकण्याआधी स्वतःला विचारायचं: कशावरून? उत्तर आलं नाही तर उजवीकडे. बस, इतकंच. आम्ही सगळे पहिल्याच पानावर घायाळ झालो. माझ्या शेजारच्या मुलीने सख्ख्या भावाबद्दल लिहिलं आणि डावीकडे फक्त त्याची उंची उरली.

तू लिफ्टवाल्यांबद्दल लिहून बघ. तुझ्यासारखी नजर असल्यावर डावी बाजूच भरेल.

तुझी नात


२१ जून

पिल्ला,

आशीर्वाद.

वही आणली. बेकरीवाल्याच्या दुकानात वह्याही मिळतात, आणि तो विचारत होता आजी आता कॉलेजला का. मी म्हटलं, हो, घरबसल्या. रेघ सरळ यावी म्हणून लाटणं लावलं.

आधी डावीकडे झपाझप लिहिलं. मग तुझं ते "कशावरून" घेऊन बसले. तुमचे सर मला काही बरे गृहस्थ वाटत नाहीत. बघ काय झालं ते.

पहिलं लिहिलं, केस रंगवतो. कशावरून? या वयात इतके काळे नसतात म्हणून. ते काही उत्तर नव्हे, हे माझं मलाच कळलं. मग रविवारी तो आला तेव्हा मी म्हटलं, चार मजले चढून घाम आला असेल, पुसा. तो म्हणाला मी लिफ्टने आलो. मी म्हटलं तरी पुसा, आणि पांढरा शुभ्र नॅपकिन हातात दिला, कपाळापासून मागे मानेपर्यंत पुसायला लावलं. आत्या बघतच राहिली. नॅपकिन पांढराच निघाला. केस खोडले.

दुसरं, गर्विष्ठ आहे. कशावरून? कमी बोलतो. पण मी बोलत असताना कोण बोलणार? म्हणून उजवीकडे सरकवलं.

तिसरं, लिफ्ट कधीतरी पडणार. हे डावीकडेच ठेवलंय. त्याला कशावरून लागत नाही.

आता खरं बघ. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि तुमच्या सरांच्या बापालाही खोडता येणार नाही. एक, बरोबर साडेपाचला तो घड्याळाकडे बघतो आणि उठतो. मग त्याच्या कपात चहा असो नाहीतर माझं वाक्य अर्धं असो. दोन, निघण्याआधी बेसिनपाशी जाऊन साबणाने तीन वेळा हात धुतो, नखं घासून घासून. येताना नाही, जाताना. आमच्या घरातलं काही हाताला लागून पुढे जाऊ नये तसा.

यावरून काय ठरतं? त्याचं दुसरं घर आहे. तिथे कोणीतरी वाट बघतंय आणि इथला वासही तिथे पोचायला नको आहे. हे मी आधी उजवीकडे लिहिलं, पण रात्रभर तिथे ठेवून सकाळी डावीकडे घेतलं. मला तेवढी नजर आहे. एकतीस वर्षांत माझं एक अंडं चुकलं नाही.

आत्या अजून गप्प आहे. काल मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तरी तिने हूं केलं नाही. स्वतः उठून वरून घेतलं.

तुझी आजी


२९ जून

आजी,

नमस्कार, आज पूर्ण वाकून.

नॅपकिनची गोष्ट मी मेसमध्ये वाचून दाखवली. तीन मुलींच्या घशात चहा अडकला.

एक विचारू? रागावू नकोस. तुझं एक अंडं चुकलं नाही, हे वहीत तू कुठल्या बाजूला लिहिशील? म्हणजे उजव्या ट्रेतली, वाईट म्हणून काढलेली अंडी पुढे कुठे जायची? ती कधी कुणी फोडून बघितली का? आणि डावीकडची लोकांच्या घरी गेली, त्यातलं एखादं खराब निघालं तर ते सांगायला कुणी डेपोत यायचं का, की दुकानदाराशी भांडून मोकळं व्हायचं? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतेय.

आणि लिफ्टवाल्यांचं म्हणशील तर, बावीस वर्षं एकाच कंपनीत लिफ्ट सांभाळणारा माणूस घड्याळ बघून उठला तर त्यात इतकं काय? कामाची शिस्त असेल. असेल म्हणतेय, हे माझं उजवीकडचं.

तुझी नात


२० जुलै

पिल्ला,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. मी आजारी नव्हते. रुसले होते.

तुझं पत्र वाचून मी ते डब्यात टाकलं आणि डबा वरच्या फळीवर. हिला कोणी शिकायला पाठवली असं म्हणाले. मग भांडी घासताना आठवत बसले, वाईट अंडी कुठे जायची. मागच्या अंगणात एक पिंप होतं, संध्याकाळी एक माणूस गाडी घेऊन यायचा आणि ते घेऊन जायचा. न फोडता. एकतीस वर्षांत मी वाईट म्हटलेलं एक अंडं माझ्यासमोर फुटलेलं मी बघितलं नाही. एकसुद्धा.

पिल्ला, त्या दिवशी मी तव्यावर हात भाजून घेतला.

मग म्हटलं, आता बघायचंच. बेकरीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे अंडी कोपऱ्यात पडून पडून जुनी होतात. म्हटलं, तुझ्या मनातून उतरलेली चोवीस अंडी दे. त्याने देऊन टाकली, का तेही विचारलं नाही, कारण वहीनंतर तो मला काही विचारत नाही. बुटाच्या खोक्याला भोक पाडलं, आत बल्ब ठेवला, न्हाणीघरात काळोख करून बसले. एकेक अंडं बघून टरफलावर पेन्सिलीने खूण केली. बरोबरची खूण म्हणजे चांगलं, फुली म्हणजे वाईट. पंधरा बरोबर, नऊ फुल्या. तिसरा ट्रे मांडलाच नव्हता, सवयच नाही.

मग दार उघडून आत्याला हाक मारली. म्हटलं, तू फोड, मी बघते. ती मीटर वाचणारी आहे, समोर जो आकडा असेल तोच म्हणते. तिने वाटी घेतली.

पंधरापैकी चौदा चांगली. पंधराव्याने घरात अशी हवा केली की आम्ही दोघी गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो. आणि नऊ फुल्यांमधली, पिल्ला, चार अंडी चांगली निघाली. पिवळंधमक बलक. आत्या आकडा वाचावा तशी म्हणत होती, "चांगलं. वाईट. चांगलं. चांगलं." मी म्हटलं बल्ब साठचा आहे, डेपोत शंभरचा होता. ती म्हणाली, "असेल." हात थरथरतो, म्हटलं. "असेल."

चार अंडी नऊत. मग रोज किती, मग एकतीस वर्षांत किती. तो हिशेब मी केला नाही, मला चौथीपर्यंतचाच येतो. नुसतं मुकादमाचं तोंड डोळ्यांसमोर आलं, नव्या पोरींना माझा रिकामा ट्रे दाखवणारं. आणि मला हसू आलं. आधी बारीक, मग गॅलरीच्या कठड्याला धरून. आत्या पण हसली. अठरा चांगली अंडी निघाली होती, तीन दिवस आम्ही दुसरं काही खाल्लं नाही. ती थोडं बोलली पण. मीठ कमी आहे, म्हणाली.

पण ऐक. अंड्यांचं मान्य. दुसऱ्या घराचं नाही. अंडं फोडून कळतं, माणूस फोडता येत नाही, मग निदान त्याच्या मागे तरी जाता येतं. पुढच्या रविवारी मी त्याच्या मागे जाणार आहे.

तुझी आजी


२६ जुलै

आजी,

घाईत लिहितेय, हे रविवारच्या आत पोचलं पाहिजे.

मागे जाऊ नकोस. तुला विचारता येतं की. "साडेपाचला तुम्ही कुठे जाता?" चार शब्दांचं काम आहे. आणि तुझे गुडघे?

तिसऱ्या ट्रेबद्दल मी वर्गात बोलले. वर्षभरात पहिल्यांदा हात वर केला. ते नंतर सांगते. आधी तू मागे जाऊ नकोस.

तुझी नात


६ ऑगस्ट

पिल्ला,

तुझं पत्र मंगळवारी आलं. मी रविवारी गेले होते.

सगळं नीट सांगते, म्हणजे तुला बोट ठेवायला जागा राहणार नाही. तो लिफ्टने उतरणार आणि मी जिन्याने, म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर बसलेली असताना तो गल्लीच्या टोकाला. म्हणून मी पाचलाच "पाव आणते" म्हणून खाली उतरले आणि बेकरीतल्या बाकावर डोक्याला रुमाल बांधून बसले. बेकरीवाला म्हणाला, "आजी, आज परीक्षा वाटतं." मी म्हटलं, तोंडी.

साडेपाचला तो बाहेर पडला. दूध घेतलं, मऊ पाव घेतला, आणि चालत निघाला. मी मागे. एक वळण, दुसरं वळण, चांभाराचं दुकान, आणि तळमजल्यावरची एक खोली. दार लोटलेलंच होतं, तो आत शिरला. मी समोरच्या दिव्याच्या खांबाआड उभी राहिले. म्हटलं, बघा, दुसरं घर. निघालं ना.

इतक्यात त्या खोलीच्या खिडकीतून आवाज आला, "कोण गं ती खांबामागे? खांब बारीक आहे, तू नाहीस."

खिडकीत एक म्हातारी. म्हातारी म्हणजे माझ्याच वयाची. म्हणाली, "आत ये, गुडघे धरून उभी आहेस मघापासून."

आता पळायला मला येत नाही. आत गेले. तो बेसिनपाशी पुन्हा हात धूत होता. मला बघून म्हणाला, "बसा आई." कशा आलात नाही, का आलात नाही. खुर्ची पुढे केली. मग त्या म्हातारीच्या मागे स्टुलावर बसला, तिचे पांढरे केस मोकळे केले आणि विंचरायला लागला. पिल्ला, तिचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. तीन पेडांची वेणी घातली त्याने, इतकी घट्ट आणि सरळ की लिफ्टच्या दोरीला शोभली असती. आठवडाभर ग्रीसमध्ये हात, एक काळं बोट लागलं तरी त्या केसांवर दिसेल. म्हणून ते तीनदा हात धुणं. आणि मी म्हणत होते आमच्या घराचं काही लागू नये म्हणून.

ती त्याची सासू. पहिल्या बायकोची आई. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. पावणेसहाला हिचं औषध, मग दूधपाव, मग वेणी.

तो गोळी शोधायला आत गेला तशी म्हातारी माझ्याकडे वाकली. "ती मीटरवाली तुझीच ना? मला पसंत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही बघितलीय कुठे तिला?"

"या खिडकीतून. दोनदा. खाली बघून चालते. खाली बघून चालणारी माणसं आतल्या गाठीची. ही याला घेऊन जाईल आणि मग माझ्या डोक्याला हात कोण लावणार?"

"अहो, ती खाली बघते कारण एकदा मीटरच्या खोलीच्या पायऱ्यांवरून पडली होती. घोटा अजून दुखतो तिचा. तुम्ही म्हणता ते कशावरून?"

"मला माणूस लांबून कळतो. शाळेच्या फाटकावर होते मी तीस वर्षं. पोट दुखतं म्हणून घरी जाणाऱ्या पोरांमध्ये खोटं कोण ते बघायचे आणि परत वर्गात हाकलायचे. तीस वर्षांत एक पोर चुकलं नाही."

पिल्ला, मी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं कोणीतरी आरसा आणून ठेवला, फक्त वेणी घातलेला. मी हळूच विचारलं, "आणि ज्यांना परत पाठवलंत, त्यांची पोटं पुढे कोणी बघितली?"

तिने दुधात पाव बुडवला. मग म्हणाली, "एक जण होता. वर्गात जाऊन बाईंच्या टेबलावर ओकला. पण तो एकच."

"तो टेबलापर्यंत पोचला म्हणून तुम्हाला कळलं," मी म्हटलं.

तेव्हा तिने मला चहा सांगितला.

तो मला घरापर्यंत सोडायला आला. इमारतीत मी जिन्याकडे वळले तसा तोही वळला. लिफ्टचं नावसुद्धा काढलं नाही. दुसऱ्यावर मी बसले, तो उभा. तिसऱ्यावर दोनदा बसले, तो दोनदा उभा.

वर आल्यावर आत्याने विचारलं, पाव कुठे आहे. मी म्हटलं, पाव राहिला. तुझ्या माणसाला मी तिसऱ्या ट्रेत ठेवलंय. ती म्हणाली, "किती दिवस?" डेपोत तो ट्रे पाळी संपायच्या आत रिकामा करावा लागायचा. चौऱ्याहत्तरावं चालू आहे मला, पिल्ला. माझी पाळी तशी संपतच आलीय.

पण दुसरं घर आहे हे मी म्हटलं होतं, आणि आहे. हे लिहून ठेव आणि सरांना दाखव.

जाता जाता. मी वही पुन्हा वाचली, तुझी पत्रंही पुन्हा वाचली. म्हटलं ना, पत्र पुन्हा वाचता येतं. तू जूनच्या शेवटी लिहिलंस, बावीस वर्षं एकाच कंपनीत. हे मी तुला कधी लिहिलं नव्हतं. मलाच ठाऊक नव्हतं, काल आत्याला विचारलं तेव्हा कळलं. मग तुला कशावरून? तुझ्या नावाचं एक पान उघडलंय. डावीकडे एक ओळ झालीय, "हिला बावीस वर्षं माहीत होती." उजवीकडे अजून काही लिहिलं नाही. वाट बघते.

तुझी आजी


१२ ऑगस्ट

आजी,

आज जमिनीला कपाळ टेकून.

आत्याने मला मे महिन्यातच लिहिलं होतं. आठ पानं. तिचं अक्षर तुला माहीत आहे, मीटरच्या आकड्यांसारखं. तिने लिहिलं, "आई त्याला दोन सेकंदांत बघेल आणि मग संपलं. तू काहीतरी कर, तू ते शिकतेस." वहीचं काम सरांनी दिलंच नव्हतं. ते मी बनवलं, तुझ्यासाठी. शेजारच्या मुलीचा भाऊही मीच बनवला. फक्त तू रागावू नयेस म्हणून सरांचं नाव घेतलं. म्हणजे तुला खरं आणि वाटणं वेगळं करायला शिकवताना मीच तुला खोटं सांगत होते. हे मला पत्र टाकताना दर वेळी टोचायचं, आणि दर वेळी मी टाकायचे.

आता हे खरं, शपथेवर. वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. सर "कशावरून?" विचारतात आणि मी वहीत डोकं खुपसते. जुलैमध्ये सर फळ्यावर दोनच रकाने करून बोलत होते, ज्ञान आणि मत, आणि मी हात वर करून म्हटलं की माझी आजी तीन ट्रे सांगते. तिसरा, अजून न कळलेल्याचा. आणि तो रिकामा असणं ही शाबासकीची गोष्ट नाही. मग त्यांनी तिसरा रकाना आखला. आता वहीचं काम खरंच सगळ्या वर्गाला दिलंय, म्हणून माझं खोटं थोडं उशिरा खरं झालं, पण ते चालत नाही, मला माहीत आहे.

तसंच तुझ्या दुसऱ्या घराचं. घर निघालं खरं, पण तुला माहीत नव्हतं. तुझं लागलं, इतकंच. ज्या कारणाने तू म्हणत होतीस ते कारण तिथे नव्हतंच. फुली मारलेलं अंडं खराब निघालं म्हणून फुली मारणारीला दिसलं होतं असं नाही.

आजी, माझ्या पानावर उजवीकडे काय लिहिलंस?

तुझी नात


२२ ऑगस्ट

पिल्ला,

आशीर्वाद, आणि घाबरू नकोस. आत्या आणि तू मिळून माझ्यामागे वही लावलीत हे वाचून मी आधी आत्याकडे बघितलं. ती मान खाली घालून कांदा चिरत होती, आणि कांदा कधीच संपला होता, नुसती सुरी चालू होती. मी म्हटलं, "आठ पानं? मला कधी आठ ओळी लिहिल्या नाहीस." ती म्हणाली, "तू घरातच असतेस की."

आता शेवटचं ऐक.

मंगळवारी आपल्या लिफ्टच्या तपासणीचा दिवस होता, आणि तीही त्याच्याच कंपनीची निघाली. मी खाली गेले तेव्हा तो खालचं दार उघडून बॅटरी मारून वर बघत होता. बराच वेळ. मग काहीतरी लिहिलं, पुन्हा बघितलं. मी मागे उभी होते. मला त्याची ती मान माहीत होती, पिल्ला. अंडं फिरवताना आमची अशीच व्हायची.

मी विचारलं, "ही दोरी तुटणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

मला वाटलं म्हणेल, आई, खात्री देतो, बावीस वर्षांत एक चुकली नाही. मी तयारच होते. तसं म्हणाला असता तर मी सरळ जिना धरला असता, आणि वर जाऊन नको म्हटलं असतं.

तो म्हणाला, "नाही आई. माहीत असतं तर दर महिन्याला बघायला कशाला आलो असतो?" मग बॅटरी विझवत म्हणाला, "आज बघितली तेव्हा चांगली होती. एवढं सांगू शकतो."

मी विचारलं, "आणि तुमच्या सासूबाईंचं काय?"

"त्यांना सोडून मी कुठे जाणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं. तुम्ही विचाराल याची वाट बघत राहिलो. मला आपणहून बोलायला जमत नाही."

चार शब्दांचं काम, तू म्हणाली होतीस.

मी म्हटलं, दार लावा. म्हणाला, कुठलं? मी म्हटलं, आतलं, आपण दोघं आत गेल्यावर. एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही, आणि ती पेटी वर निघाली. पहिला गेला, दुसरा गेला. पायाखाली गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं, तुला माहीतच असेल. दुसरा आणि तिसरा यांच्यामध्ये मी त्याला म्हटलं, "तुम्ही मला कळलेला नाहीत. पण आज बघितलं तेव्हा चांगले होतात. माझं हो समजा." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पांढऱ्या नॅपकिनने डोळे पुसले. माझाच नॅपकिन. तेव्हाचा त्याच्याकडेच राहिला होता.

चौथ्यावर आत्या दार उघडून उभी होती. मला लिफ्टमधून बाहेर पडताना बघून तिने विचारलंच नाही, सगळं कळलं तिला. कशावरून ते मी विचारलं नाही.

लग्न साधंच, पुढच्या महिन्यात, सह्या करून. तू ये. सासूबाई आपल्या खालच्या मजल्यावर राहायला येणार आहेत, ती रिकामी खोली बेकरीवाल्याची आहे ना, ती. आत्याच्या चालीवर त्यांचं अजून लक्ष आहे. मी त्यांच्यासाठी एक वही आणलीय. लाटणं लावून रेघा मी मारून दिल्या, दोन मारल्या, म्हणजे रकाने तीन.

तुझ्या पानावर उजवीकडे मी लिहिलंय, "हिला माझी काळजी आहे." कशावरून विचारलं तर बरंच सांगता येईल, म्हणून डावीकडे नेणार होते. पण राहू दे. सुट्टीत येशील तेव्हा पुन्हा बघेन.

आणि "लिफ्ट कधीतरी पडणार" हे डावीकडून खोडलं. उजवीकडे लिहिलं. वाटतं अजून. पण त्या दिवसापासून मी बारा वेळा वरखाली केलंय, चार वेळा तर काही काम नसताना.

तुझी आजी